वाचकांचे प्रश्न : लहान मुलांची स्पॅनिश, मराठीच्या वाटेने

परकीय भाषा आणि लहान मुले या विषयावर सदराकडे आलेल्या पत्रांतून या वेळी स्पॅनिशविषयीची पत्रे निवडली आहेत. मुंबईत आयबी आणि केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळांत ही भाषा शिकवली जाते, केंद्रीय मंडळाच्या भाषाविषयांच्या यादीत ती आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांमध्ये तिचा उल्लेख केला आहे. त्यामुळे बालवाडीच्या वयातच तिची ओळख व्हावी, असे काही पालकांना वाटते. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे. ती मोबाइलवर स्पॅनिश गाणी आणि चित्रफिती आवडीने पाहते. रंगांची आणि अंकांची नावे घडाघडा म्हणून दाखवते. परंतु समोर लाल चेंडू धरून रंग विचारला की गप्प होते. घरात कोणालाच स्पॅनिश येत नाही. इंटरनेटवर इतके साहित्य असताना त्यातून काय निवडावे, आणि भाषा येत नसलेल्या आईवडिलांनी मदत कशी करावी? (एक आई, विलेपार्ले)

उत्तर : आपल्या मुलीने जे मिळवले आहे ते पाठांतर आहे, आणि त्यात तिचा काही दोष नाही. गाणे वारंवार ऐकले की मुलाच्या लक्षात त्याचा क्रम राहतो. 'रोखो' म्हणजे या समोरच्या चेंडूचा रंग, हा संबंध मात्र कोणीतरी माणसाने, चेंडू हातात असताना, जोडून द्यावा लागतो. या बाबतीत दोन अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळला आणि बोलला, ती बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तेच बोलणे ज्यांना ध्वनिचित्रमुद्रणातून मिळाले, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. २०१४ मधील दुसऱ्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरील माणसाकडून नवे शब्द शिकली, मात्र आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीतून ते शब्द शिकली नाहीत. कॉलवरचा माणूस मुलाच्या बोलण्याला, हसण्याला, बोट दाखवण्याला त्याच क्षणी उत्तर देत होता, हा दोहोंतला फरक. साडेपाच वर्षांचे मूल चित्रफितीतून बाळापेक्षा पुष्कळ अधिक उचलते हे खरे. तरीही समोरच्याने उत्तर देण्याची गरज त्या वयातही संपलेली नसते.

तेव्हा पहिला बदल असा करावा की आपल्यापैकी कोणीतरी एकाने तिच्या शेजारी बसून दहा मिनिटे तीच चित्रफीत पाहावी आणि दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने ती थांबवावी. पडद्यावर 'पेलोता' म्हणजे चेंडू दिसला, तर घरातला चेंडू आणून तिच्या हाती द्यावा आणि पुढे उरलेल्या दिवसभरात तो शब्द दोन-तीनदा सहज वापरावा. आपल्याला स्पॅनिश येत नाही याची अडचण वाटू देऊ नये. आई आपल्याबरोबर शिकते आहे हे पाहून मुलाला शिकवण्याची संधी मिळते, आणि ती त्याला फार आवडते. गावी असलेल्या आजीला व्हिडिओ कॉलवर रोज एक शब्द शिकवण्याचे काम आपल्या मुलीकडे सोपवून पाहावे.

निवडीचे म्हणाल, तर साहित्य थोडेच ठेवावे. पोकोयो ही मूळ स्पेनमधील कार्टून मालिका या वयाला योग्य आहे. तिचे भाग सात-आठ मिनिटांचे असतात, मागची पार्श्वभूमी बहुधा पांढरी असल्यामुळे नजर एकाच वस्तूवर राहते, आणि निवेदक पात्रांशी प्रश्नोत्तरांच्या रूपाने सावकाश बोलतो. याखेरीज मुलीने मराठीत किंवा इंग्रजीत आधीच पाहिलेले एखादे कार्टून स्पॅनिश आवाजात उपलब्ध असेल तर तेही दाखवावे, कारण गोष्ट ठाऊक असली की मुलाचे सगळे लक्ष शब्दांकडे राहते. भाग संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आधीच बंद करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, अशी सांगितली आहे. आपली मुलगी त्या वयाच्या थोडी पुढे गेली असली तरी स्पॅनिशसाठी वेगळा तास वाढवू नये. ती आधीच जेवढा वेळ पाहते त्यातूनच हा वेळ काढावा.

वाचनासाठी 'प्रथम बुक्स' या संस्थेचे स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ मी सर्वांत आधी सुचवीन. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मुलांची चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. तेथे मराठी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांतील पुस्तके असल्यामुळे पहिल्या पातळीची, पानाला एक-दोन वाक्ये असलेली एखादी गोष्ट आज मराठीत आणि उद्या त्याच चित्रांसह स्पॅनिशमध्ये वाचता येते. मध्ये इंग्रजी येत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे. तो किती मोठा, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात येईलच.

आणखी एक साधन सुचवतो, जे भाषाशिक्षणासाठी तयार केलेले नाही आणि म्हणूनच मला अधिक प्रिय आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तेथील चित्रे मोठ्या आकारात पाहता येतात. त्यांतले वेलास्केस या चित्रकाराचे १६५६ मधील 'लास मेनिनास' हे चित्र मुलीबरोबर उघडावे. मधोमध उभी असलेली राजकन्या मार्गारिता तेव्हा पाच वर्षांची होती, म्हणजे आपल्या मुलीच्याच वयाची. ती 'नीन्या', पुढे पेंगत बसलेला कुत्रा 'पेर्रो', मागे उघडे दार 'पुएर्ता', भिंतीवर आरसा 'एस्पेखो'. "दोंदे एस्ता एल पेर्रो?", म्हणजे कुत्रा कुठे आहे, असे विचारले की मुलीने बोट ठेवावे. काही दिवसांनी प्रश्न तिने विचारावा आणि बोट आपण ठेवावे. या एका चित्रावर आठवडाभर सहज खेळता येते.

ती सात वर्षांची झाली की स्पॅनिश भाषेच्या प्रसारासाठी स्पेन सरकारने स्थापलेल्या सेर्वान्तेस संस्थेच्या आभासी केंद्राच्या संकेतस्थळावरील सात ते नऊ वर्षे वयाच्या मुलांसाठीचे शब्दांचे खेळ पाहावेत. आज त्यांची घाई नको.

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याच्याबरोबर मीही एका ॲपवर स्पॅनिश शिकू लागलो आहे. मी माझ्या वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवतो, पण त्यामुळे त्याचे उच्चार बिघडतील असे घरातल्यांना वाटते. हे बरोबर आहे का? (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर : आपली वही अवश्य चालू ठेवावी. स्पॅनिशच्या बऱ्याचशा ध्वनींना देवनागरी रोमन लिपीच्या इंग्रजी वाचनापेक्षा पुष्कळ जवळ आहे. मुलांसाठीची बरीचशी ॲप्स आणि संकेतस्थळे अमेरिकेतील व ब्रिटनमधील मुले डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. ती ज्या गोष्टींवर धडेच्या धडे खर्च करतात, त्यांतल्या कितीतरी गोष्टी मराठी मुलाला घरातच मिळालेल्या असतात. इंग्रजीतून स्पॅनिशकडे जाणारे मूल या गोष्टी आधी विसरते आणि मग पुन्हा शिकते.

ध्वनींपासूनच पाहू. स्पॅनिशमध्ये स्वर पाच : आ, ए, इ, ओ, उ. ते स्वच्छ आणि स्थिर असतात. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखा दातांना जीभ लावून होतो, इंग्रजीसारखा टाळूकडे जात नाही. म्हणून टोमॅटो 'तोमाते' आणि मेक्सिकोचा तो प्रसिद्ध पदार्थ 'ताको'. नातू 'टाको' म्हणत असेल तर ते इंग्रजीतून आले आहे. 'प' आणि 'क' यांच्यामागेही इंग्रजीसारखा हवेचा झोत नसतो. त्यांचा 'च' म्हणजे आपल्या 'चित्र'मधला, 'चूल'मधला नव्हे. वर लाटेसारखी खूण असलेले त्यांचे जे अक्षर आहे, त्याला आपल्याकडे 'ञ' हे अक्षर बाराखडीत आयतेच आहे.

अडखळण्याच्या जागा थोड्या आहेत आणि त्या वहीत वेगळ्या शाईने लिहाव्यात. एच हे अक्षर एरवी मुके असते, म्हणून नमस्कारार्थी शब्द 'ओला'. बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, 'ब'च्या जवळचा, म्हणून गाय 'बाका'. 'जे' (j) या अक्षराचा उच्चार घशातून घासत येणाऱ्या 'ख'सारखा होतो. मी वर 'रोखो' लिहिले ते त्यामुळेच. शब्दाच्या मध्ये आलेला एकेरी 'र' आपल्या 'र'सारखा, पण दुहेरी 'र' जिभेचे टोक थरथरवून म्हणावा लागतो : 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तिकडच्या मुलांनाही हा ध्वनी उशिराच जमतो, तेव्हा नातवाला त्यासाठी टोकू नये. शंका आली की फोर्वो या संकेतस्थळावर शब्द शोधावा. तेथे ती भाषा मातृभाषा असलेल्या लोकांनी म्हटलेले उच्चार ऐकता येतात. क्रम एवढाच पाळावा की आधी कानाने ऐकणे, मग तोंडाने म्हणणे, आणि त्यानंतर वहीत लिहिणे. नातवाला स्पॅनिश वाचायला देण्याची घाई मात्र करू नये, कारण रोमन अक्षरे दिसली की इंग्रजी माध्यमातले मूल ती इंग्रजीसारखीच वाचते.

आता व्याकरण. ते नातवाला शिकवायचे नाही, पण आपल्याला ठाऊक असावे. "मला आंबा आवडतो" हे वाक्य स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल मांगो" असे होते, आणि "मला आंबे आवडतात" हे "मे गुस्तान लोस मांगोस". क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते, आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना ही रचना उलटी वाटते आणि पचायला वेळ लागतो. मराठी मूल ती बोलू लागल्यापासून वापरत असते. तसेच 'पांढरा घोडा, पांढरी गाय' म्हणणाऱ्या मुलाला 'काबायो ब्लांको, बाका ब्लांका' यात बदललेला शेवटचा स्वर नवा वाटत नाही. विशेषण नामाच्या मागून येते, एवढेच त्याला नवे. लिंगे तर तिकडे नामांना दोनच आहेत, आपल्याला तीन सांभाळण्याची सवय. लहानांशी 'तू' आणि मोठ्यांशी आदराने वेगळे सर्वनाम, हा भेदही तेथे आहे.

म्हणून माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की ॲपवर धडा संपल्यावर नातवाशी त्याविषयी मराठीतच बोलावे. 'गुस्ता' आले की त्याला इंग्रजी अर्थ विचारू नये, मराठीत "तुला काय आवडतं?" असे विचारून उत्तर स्पॅनिशमध्ये घ्यावे. हे काम घरात आपल्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

प्रश्न : मी संध्याकाळी पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा छंदवर्ग घेते आणि स्पॅनिशचे प्राथमिक शिक्षण मी स्वतः घेतले आहे. वर्गात दहा-बारा मुले, एकच फोन, आणि इंटरनेट भरवशाचे नाही. मुलांना पडद्यासमोर न बसवता काय घेता येईल? (एक शिक्षिका, मुलुंड)

उत्तर : आपली परिस्थिती मला अडचणीची वाटत नाही. फोन आपल्या तयारीसाठी वापरावा : घरी गोष्टी उतरवून छापून आणाव्यात, दोन-तीन गाणी साठवून ठेवावीत, आणि वर्गात तो पिशवीतच राहू द्यावा.

सुरुवात लुडोने करावी. स्पेनमध्ये घरोघरी खेळला जाणारा 'पार्चीस' हा खेळ आपल्या पचीसीपासूनच तिकडे गेलेला आहे. रंगही लुडोसारखेच चार : लाल 'रोखो', निळा 'आसुल', हिरवा 'बेर्दे', पिवळा 'आमारियो'. तिकडचे नियम मुलांना सांगावेत, कारण नियम वेगळे असले की खेळ नवा होतो. सोंगटी बाहेर काढायला सहा पडून चालत नाही, पाच, म्हणजे 'सिंको' पडावे लागतात. आणि दुसऱ्याची सोंगटी मारली की बक्षीस म्हणून आपली सोंगटी वीस घरे पुढे न्यायची असते. प्रत्येक घर मोठ्याने मोजत जायचे, 'उनो, दोस, त्रेस, क्वात्रो', आणि मोजताना चुकले तर सोंगटी जागेवर परत. वीसपर्यंतचे अंक एवढ्या वेळा तोंडातून जातात की वेगळे पाठ करावे लागत नाहीत. जमिनीवर खडूने मोठा पट आखून मुलांनाच सोंगट्या केले, तर बारा मुले एकाच वेळी खेळू शकतात.

दुसरा खेळ मेक्सिकोचा, 'लोतेरिया'. तो आपल्या तंबोल्यासारखाच, पण आकड्यांऐवजी चित्रांचा. मूळ संचात चौपन्न पत्ते असतात आणि प्रत्येकाच्या पाटीवर चार गुणिले चार अशी सोळा चित्रे. आपल्या वर्गासाठी नऊ चित्रांची पाटी पुरे. चित्रे विकत आणू नयेत, मुलांकडून काढून घ्यावीत, आणि त्यांच्या रोजच्या पाहण्यातली घ्यावीत : रेल्वे 'त्रेन', समुद्र 'मार', पाऊस 'युबिया', छत्री 'पारागुआस', केळे, मासा, कावळा. तिकडे पाटीवर ठेवायला वालासारख्या शेंगांचे दाणे वापरतात. आपल्याकडे राजमा चालेल. पत्ता ओढून शब्द पुकारणाऱ्याचे काम तिसऱ्या-चौथ्या डावापासून मुलांकडे द्यावे. पुकारणारा जे शब्द म्हणतो ते त्याचे कायमचे होतात.

उभे राहून करायचे म्हणून मोजणीचे एक पारंपरिक गाणे आहे, ज्यात कोळ्याच्या जाळ्यावर एक हत्ती झोके घेतो, जाळे तुटत नाही असे पाहून दुसऱ्या हत्तीला बोलावतो, आणि याप्रमाणे रांग वाढत जाते. इंटरनेटवर ते सहज सापडते. एका मुलापासून सुरुवात करून साखळी वाढवत न्यावी. पालकांबरोबर लोकलने जाताना खेळायला 'बेओ बेओ' सांगावे. एकाने "मला दिसते, मला दिसते" या अर्थाचे हे दोन शब्द म्हणायचे, दुसऱ्याने "के बेस?", म्हणजे काय दिसते, असे विचारायचे, आणि पहिल्याने नुसता रंग सांगायचा. खिडकीबाहेर पाहून वस्तू ओळखायची.

घरच्या अभ्यासासाठी शब्दांची शोधमोहीम द्यावी. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, मुंबईची बेटेही त्यांच्याच ताब्यातून इंग्रजांकडे गेली, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण; त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरातले काही शब्द स्पॅनिशमध्ये ओळखीचे निघतात. पाव म्हणजे 'पान', बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', आणि बादलीला अनेक ठिकाणी 'बाल्दे'. मोठ्यांना विचारून आणखी शब्द आणायला सांगावेत. काही जुळतील, काही जुळणार नाहीत.

सणांचाही उपयोग करता येईल. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खाण्याची प्रथा आहे. वर्गात टाळ्यांच्या बारा ठोक्यांवर ती करावी. मात्र या वयात द्राक्ष घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून ती उभी चिरून आणि सावकाश खायला द्यावीत. सहा-सात वर्षांच्या मुलांचे दात पडू लागलेले असतात. त्यांना स्पॅनिश मुलांच्या उशीखालून पडलेला दात नेऊन तेथे छोटीशी भेट ठेवणाऱ्या उंदराची, 'रातोन्सितो पेरेस'ची, गोष्ट सांगावी. ज्याचा दात पडला असेल तो त्या दिवशी वर्गाला 'दिएन्ते' हा शब्द शिकवील.

प्रश्न : मुलासाठी ऑनलाइन शिक्षक लावायचा आहे. स्पेनमधला निवडावा की दक्षिण अमेरिकेतला? (एक वडील, वडाळा)

उत्तर : मूल लहान असताना दोन्ही सारखेच चांगले. स्पेनच्या बऱ्याच भागात काही अक्षरांचा उच्चार दातांमध्ये जीभ आणून केला जातो, तर अमेरिका खंडात त्या जागी साधा 'स' येतो. काही वस्तूंची नावेही निराळी आहेत. स्पॅनिश बोलणारे सर्वाधिक लोक मेक्सिकोत आहेत. सुरुवातीची वर्ष-दोन वर्षे शिक्षक आणि गाणी शक्यतो एकाच प्रदेशातली असावीत, एवढे पाहावे.

वेळेचा विचार मात्र नीट करावा. मुंबईत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा माद्रिदमध्ये हिवाळ्यात दुपारचे दीड आणि उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात, मेक्सिको शहरात सकाळचे साडेसहा, तर अर्जेंटिनात सकाळचे साडेनऊ. शाळेनंतरचा वर्ग हवा असेल तर स्पेन आणि अर्जेंटिना सोयीचे. या वयात वीस-पंचवीस मिनिटांचा वर्ग, आठवड्यातून दोनदा, पुरेसा आहे. शिक्षकाचा अनुभव पाहताना तो वस्तू, हावभाव आणि खेळ वापरतो की नुसते शब्दांचे पत्ते दाखवतो, हे पहिल्याच वर्गात लक्षात येईल. वर्ग चालू असताना घरातल्या मोठ्या माणसाने ऐकू येईल इतक्या अंतरावर असावे, आणि खाते पालकांच्या नावे असावे. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मराठी, हिंदी, इंग्रजी आणि वर स्पॅनिश, मुलाचा गोंधळ होणार नाही का? आणि यासाठी काही परीक्षा असते का? (एक आई, बोरिवली)

उत्तर : मूल एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द वापरते याला गोंधळ म्हणू नये, अनेक भाषांत वाढणारी मुले हे सर्रास करतात, आणि कोणाशी कोणती भाषा बोलायची हे त्यांना चांगले कळते. काळजी घ्यायची ती मराठीची. गोष्टी, गप्पा, भांडणे आणि लाड ज्या भाषेत होतात, ती भाषा भरघोस असली पाहिजे, कारण वर सांगितल्याप्रमाणे स्पॅनिशलाही आधार तिचाच मिळणार आहे. मूल कंटाळले तर दोन महिने थांबावे.

सेर्वान्तेस संस्थेमार्फत घेतल्या जाणाऱ्या देले या परीक्षेची शालेय मुलांसाठीची आवृत्ती अकरा ते सतरा वर्षे वयोगटासाठी आहे. संस्थेचे भारतातील केंद्र नवी दिल्लीत आहे. परीक्षेची ठिकाणे आणि तारखा तिच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. आपला मुलगा सहा वर्षांचा आहे असे आपण कळवले आहे, तेव्हा तो चौथी-पाचवीत जाईपर्यंत परीक्षेचे नाव त्याच्यासमोर काढू नये.